हौसरावांचा नंबर

दौंडच्या एका कॉलेजात शिष्यवृत्तीचे फॉर्म तपासणं हे कासमभाईंचं बावीस वर्षांचं काम, आणि शिरूर-दौंडमध्ये हेच काम करणाऱ्या लिपिकांची संघटना चालवणं हे त्यांचं अकरा वर्षांचं वेड. संघटना म्हणजे सव्वीस माणसं, एक रबरी शिक्का आणि दर दुसऱ्या शनिवारी पाटसच्या स्टँडजवळच्या हॉटेलात चहावर होणारी बैठक. शिक्का कासमभाईंच्या पिशवीत असे, आणि चहाही बहुधा तेच सांगत.

काही वर्षांपूर्वी अशाच एका बैठकीत वडगाव रासाईकडच्या कॉलेजातले लिपिक हौसराव म्हणाले, "आमच्या पोरींकडं फोनच न्हाईत. ओटीपी यायचा कुठं?"

"मग आपलाच नंबर टाका," कासमभाई चटकन म्हणाले. "पोरगी अडायला नको."

हौसरावांनी ते फारच मनावर घेतलं. जिच्याकडं फोन नाही, तिच्या फॉर्मवर त्यांचा नंबर. मग गेल्या वर्षी संक्रांतीनंतर ते अचानक गेले. तेराव्याला त्यांच्या पत्नी रंगुबाईंनी फोन कासमभाईंच्या हातात दिला. "भावजी, ह्यावर रोज आकडे येत्यात. ह्यांच्या पोरींचेच असत्याल."

पुढच्या बैठकीत ठराव झाला, की शेवटच्या मुलीचा नंबर बदलेपर्यंत हौसरावांचा फोन चालू ठेवायचा. जबाबदारी, कासम शेख. फोन त्यांच्या ड्रॉवरमध्ये राहिला, एकेका मुलीचा नंबर बदलत गेला. राहिली एकटी अपेक्षा. तेवढ्यात प्रवेशांची धामधूम सुरू झाली आणि रिचार्ज करायचं राहून गेलं. दिवाळीनंतर कासमभाईंना आठवण झाली, तेव्हा नंबर नुसता बंद पडला नव्हता, तो दुसऱ्याच कुणाला मिळाला होता.

अपेक्षाचा नंबर बदलून द्या म्हणून त्यांनी पुण्याच्या शिष्यवृत्ती कार्यालयाला तीन अर्ज केले. तिन्हीला एकच उत्तर आलं, जुन्या नंबरावरचा ओटीपी टाकावा.

आज शेवटचा दिवस होता. पाच वाजता पोर्टल बंद होणार होतं. फॉर्म गेला नाही, तर बीएस्सीचं दुसरं वर्ष सोडून अपेक्षानं रांजणगावच्या कंपनीत पॅकिंगला जायचं, असं तिच्या आईनं, मुक्ताबाईंनी, ठरवूनच टाकलं होतं. वडगाव रासाईच्या कॉलेजात हौसरावांची जागा अजून भरली नव्हती. त्यांच्याच खुर्चीत बसून कासमभाईंनी साडेचारला हौसरावांचा नंबर लावला. पलीकडं कुणी वयस्कर गृहस्थ होते.

"दादा, तुमच्या फोनवर आत्ता सहा आकडे आले असतील..."

"आलेत की. आन् ते तुम्हाला सांगू, व्हय?"

"एका मुलीच्या शिष्यवृत्तीचे आहेत हो."

"मागल्या महिन्यात माझ्या मेव्हण्याला बँकवाले भेटले. तुम्ही कॉलेजवाले. उद्या कोण, पोस्टमन?"

"अहो, मी लिपिकांच्या संघटनेचा अध्यक्ष आहे!"

"चोरांचीबी संघटना निघाली का?"

कासमभाईंनी फोन अपेक्षाकडं दिला. "काका, मी अपेक्षा. माझं वर्ष जाईल हो."

"पोरगीबी ठेवलीय कामाला! शिकवलंय बाकी झकास." फोन कट झाला.

कासमभाईंना रागवायचं होतं, पण समोरच्या भिंतीवर संघटनेनं छापलेला कागद होता. 'ओटीपी कुणालाही सांगू नका.' खाली त्यांचंच नाव. तो माणूस अगदी तेच करत होता.

पुन्हा लावला तर लागेना. अपेक्षानं आणलेल्या मुक्ताबाईंच्या फोनवरून लावला, तर नुसतीच रिंग वाजत राहिली. संघटनेतल्या भांडगावच्या भिमाला कळवलं, तर तो म्हणाला, "भाई, आपण सव्वीस जण एकदम लावू!"

"नको रे बाबा. मग तर तो पोलिसांतच जाईल."

पाच वाजले. पडद्यावर 'मुदत संपली' आलं. कासमभाईंनी पान दोनदा पुन्हा उघडून पाहिलं. अपेक्षानं फाइलची दोरी बांधली, सोडली, पुन्हा बांधली.

पाच वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. तेच गृहस्थ.

"सुनेला इचारलं. ती म्हणली, आबा, फॉर्मचं असतंय असं. लिव्हा." ते सावकाश एकेक आकडा सांगू लागले. कुणी एवढं निगुतीनं सांगत असताना न लिहिणं कासमभाईंना जमेना. त्यांनी सहाही आकडे फॉर्मच्या पाठीमागं लिहिले.

"चाललं का? झालं पोरीचं काम?"

अपेक्षानं कासमभाईंच्या हातातून फोन घेतला.

"झालं काका," ती म्हणाली. "लई उपकार झाले तुमचे."

तिनं फोन टेबलावर ठेवला. मग विचारलं, "सर, कंपनीची गाडी सकाळी कितीला येती?"

कासमभाईंना ती वेळ पाठ होती. याआधीही मुली त्यांना विचारून गेल्या होत्या. त्यांनी सांगितली.