काकांचा थर्मास

हे आत्ताच्या आत्ता सांगायलाच हवं! ओहायोतल्या डब्लिन गावातले आमचे शेजारचे काका चहाच्या बाबतीत जाम चिक्कू. इथल्या थंडीत थर्मास कायम मांडीशी, आणि कुणी घोटभर मागितला की म्हणणार, "घरी जाऊन कर." गाडीशी मात्र लाडात बोलतात, "चल गं बाई."

काल आई भारतातून पहिल्यांदाच एकटी येत होती. तिला इंग्रजीचा गंधही नाही. काका मला त्यांच्या फोर-व्हील ड्राइव्हमधून एअरपोर्टला नेत होते, आणि चढावर बर्फात अडकलो! काकांनी गिअरशेजारचा दांडा फोर-व्हीलवर टाकला, तरी मागचीच चाकं गरगरत राहिली. पुढची ढिम्म.

"हब लॉक करायचे राहिले यार!" काका उतरले. हब म्हणजे पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमधचा भाग; तिथे एकेक खटका असतो, तो हातानं फिरवला तरच पुढच्या चाकांना जोर मिळतो. दोन्ही खटके बर्फानं गोठलेले.

"काका, मी चालत जाऊन पे-फोन शोधते. गाडी ओढायला टो ट्रक बोलावू."

"आणि तोवर आई तिथे एकटी उभी? गप्प बस."

त्यांनी थर्मास उघडला. अर्धा चहा एका खटक्यावर, अर्धा दुसऱ्यावर. मग पक्कडीनं फिरवले. खट्! खट्! "चल गं बाई!" आणि गाडी चढली की हो!

आई एअरपोर्टच्या दारातच भेटली. गाडीत बसल्या बसल्या म्हणाली, "आल्याचा वास येतोय. चहा आहे का हो?"

"गाडीनं प्यायला सगळा," काका म्हणाले. "घरी गेलो की मीच करतो तुम्हाला."

तुमच्यासाठी कधी कुणी असा जपलेला चहा ओतलाय का? सांगा ना!