गिरजाबाईंच्या कपाळावरचा घाम

तेरा डिसेंबर, शनिवार. शाळा व्यवस्थापन समितीची सभा. हजर : अध्यक्ष देवाजीभाऊ, चार पालक, नर्सबाई, मुख्याध्यापिका म्हणून मी, आणि दाराशी उभ्या गिरजाबाई. विषय एकच. पोषण आहार शिजवणाऱ्या गिरजाबाईंना कामावर ठेवायचं की नाही.

धानोऱ्याजवळच्या आमच्या शाळेत त्या अकरा वर्षं स्वयंपाक करतात. वरणाचा थेंब तळहातावर घेऊन चाखल्याशिवाय वाढत नाहीत. "लेकरायच्या पोटात जाच्या आधी माह्या जिभेवरून जाईन," हा त्यांचा नियम. पण पोळ्याच्या सणापासून असं व्हायला लागलं, की चाखलं की दोन मिनिटांत कपाळ, गाल, मान निथळू लागे. बाकी अंग कोरडं. त्या पदर दाबून भिंतीकडे तोंड करीत, वर हसत. "लोकायच्या तोंडाले पाणी सुटते मॅडम, माह्या कपाळाले सुटते!"

पालकांना हसू येत नव्हतं. घाम वरणात पडतो, अशी तक्रार आली.

"दुसऱ्या कोणाला चाखू द्या," मी म्हटलं.

"दुसऱ्याच्या जिभेनं मले मीठ कसं समजन?"

त्यांना जुना मधुमेह. घाम म्हणजे साखर उतरली, असं मी एका प्रशिक्षणात लिहून घेतलेलं. म्हणून घाम दिसला की मी चमचाभर साखर त्यांच्या हातावर ठेवी. महिनाभर हेच. घाम काही थांबेना. शेवटी नर्सबाईंनी ऐन घामात त्यांच्या बोटातलं रक्त तपासलं. साखर उतरलेली नव्हती, चांगली चढलेली होती.

"कोन देऊन राह्यलं तुमाले साखर?" नर्सबाई कडाडल्या.

माझ्याकडे न बघता गिरजाबाई म्हणाल्या, "मीच खाल्ली जी."

मी साखरेचा डबा फळीवर मागे सरकवला.

गडचिरोलीच्या डॉक्टरांनी उलगडा केला. जुन्या मधुमेहानं नसा बिघडतात, मग घास तोंडात गेला की चेहऱ्याला घाम फुटतो, आंबट-तिखटानं जास्त. साखर आटोक्यात ठेवायची, घाम आला तर आधी तपासायचं. शिवाय जेवणाआधी कपाळाला आणि गालांना, डोळ्यांपासून दूर, लावायचं औषध लिहून दिलं. ते नागपूरहून बनवून आणावं लागलं.

सभेत गिरजाबाईंनी स्वतःच टमाटराची आंबट चटणी आणली. "औषध लावून आली. आता पाहा." त्यांनी बोटभर चाखली. सगळे त्यांच्या कपाळाकडे टक लावून. मफलर गुंडाळलेले देवाजीभाऊ इतके पुढे झुकले, की त्यांच्याच कपाळावर थेंब चमकले.

"काऊन भाऊ, तुमीबी चाखलं का?" गिरजाबाईंनी विचारलं.

नर्सबाईसुद्धा हसल्या. गिरजाबाईंच्या कानाजवळ एक थेंब आला, तो त्यांनी पुसला. बस्स, तेवढाच.

"ठेवा बाईले," देवाजीभाऊ म्हणाले, "अन् ते चटणी इकडे द्या."

त्या दिवशीची माझी यादी : ठराव लिहिणे, झाले. औषधाची दुसरी बाटली सांगणे, झाले. साखर मी दिली होती, हे नर्सबाईंना सांगणे आणि गिरजाबाईंची माफी मागणे. त्यासाठी दोनदा स्वयंपाकघरात गेले. दोन्ही वेळा गिरजाबाईंनी ताट पुढं केलं, "आधी जेवा मॅडम, मंग बोला." मी जेवले आणि वर्गावर गेले. हे काम बाकी आहे.