गाळातली राख

आमची आत्या चिखल वाचते, असं आम्ही लहानपणी सगळ्यांना सांगायचो, आणि ते काही खोटं नव्हतं. तळे संशोधन केंद्राच्या तळघरात तिचं टेबल होतं. तळ्याच्या बुडात लांब नळी खुपसून गाळाचा उभा खांब काढायचा, त्याच्या चकत्या कापायच्या, एकेक चकती बारीक चाळणीत धुवायची आणि उरेल ते सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचं: बिया, परागकण, गोगलगायींची कवचं. खालची चकती जुनी, वरची नवी. कोणत्या काळी पाण्यात काय उगवत होतं आणि कोण कोणाला खाऊन जगत होतं, हे त्यावरून जुळवायचं. एरवी नाकावर माशी बसू न देणारी ही बाई चाळणीपुढे दिवसभर हूं की चूं न करता बसायची.

हे काम तिने का धरलं, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा, त्याच तळ्यावर मासेमारी करायचे. तरुणपणी एका उपासमारीच्या वर्षी त्यांनी दूरच्या नदीतून परक्या जातीच्या माशाची पिल्लं पिंपात घालून आणली आणि तळ्यात सोडली. मासा भराभर वाढला, लोकांची पोटं भरली. पण तो बूड उकरून खाणारा मासा. पाणी गढूळ झालं, पाण्याखालची हिरवळ गेली, तिच्या आसऱ्याने राहणारे जुने मासे गेले, मग पक्षी गेले आणि शेवटी मासेमारही गेले. गरज सरो, वैद्य मरो! ज्यांनी तो मासा बोटं चाटत खाल्ला, त्यांनीच आजोबांना ‘गढूळ्या’ म्हणायला सुरुवात केली. आजोबांनी कधी उलट उत्तर दिलं नाही, कारण आपणच तळं मारलं असं त्यांनाही वाटायचं.

आत्याला ते खरंच त्यांनी मारलं का, हे शोधायचं होतं. गाळात एके ठिकाणी तिला राखेचा काळा पट्टा लागला. पट्ट्याखाली पाणवनस्पतींच्या बियांचा खच, पट्ट्याच्या वर जवळजवळ काहीच नाही. त्या माशाच्या खवल्यांनी निकाल लागला असता, पण ते टिकले नव्हते. मग सगळी मदार राखेवर. जुन्या कागदपत्रांत दोन मोठ्या आगी होत्या: एक लाकडी दुकानांच्या बाजाराची, आजोबांच्या जन्माआधीची, दुसरी काठावरच्या गिरणीची, मासे सोडले त्याच सुमाराची. बाजाराची आग जास्त मोठी होती, वाराही तळ्याच्या दिशेने होता. आत्याने ती धरली. म्हणजे आजोबा जन्मायच्या आधीच हिरवळ मेलेली, आणि आजोबा निर्दोष. आता आजोबा तर आयुष्यभर सांगत आले होते की लहानपणी त्यांची वल्ही त्या हिरवळीत अडकायची. त्यावर आत्याचं उत्तर तयार होतं. म्हातारपणी ऐकलेलं आणि पाहिलेलं यांची सरमिसळ होते, असं ती म्हणाली.

विभागप्रमुखांनी तिचा निष्कर्ष भर सभेत वाचून दाखवला. माझ्या वडिलांना तर गगन ठेंगणं झालं. न्हावी दाढी करताना आजोबांना ‘दादा’ म्हणायला लागला. आजोबा मात्र गप्प झाले. पूर्वी जेवताना ते आत्याला आज काय सापडलं म्हणून विचारायचे, तेही त्यांनी सोडलं. ओझं उतरल्यावर माणूस असाच शांत होत असेल, असं आम्ही धरून चाललो.

काही महिन्यांनी त्याच पट्ट्याचं छायाचित्र छापायचं होतं, म्हणून आत्याने तो पुन्हा धुतला. राखेत तिला बारीक, गोल, काळे मणी दिसले. मोठ्या भट्टीत दगडी कोळसा जळला की असे मणी होतात. लाकडाच्या राखेत ते नसतात. आणि बाजार जळाला तेव्हा शहरात दगडी कोळसा आलाच नव्हता. तिने बाकीच्या नळ्यांमधली राखही तपासली. सगळीकडे मणी होते. राख दगडी कोळशावर चालणाऱ्या गिरणीची होती.

माझे वडील तिला म्हणाले, की म्हातारा आता किती दिवसांचा सोबती आहे, तोवर दम धर, मग काय छापायचं ते छाप. मला वडिलांचं पटलं होतं आणि आजही मी त्यांना दोष देणार नाही. आत्या म्हणाली की केंद्रात तर ती सांगणारच आहे, पण बाबांना हे न्हाव्याकडून कळलेलं तिला चालणार नाही.

ती आजोबांच्या खोलीत गेली तेव्हा मी तिथेच त्यांना औषध देत होतो. ती बसलीसुद्धा नाही.

“बाबा, माझी चूक झाली. राख गिरणीची आहे. हिरवळ तुमच्या डोळ्यांदेखत गेली. मासे सोडल्यावर.”

आजोबांनी माझा औषधाचा हात बाजूला सारला. मग त्यांनी विचारलं, “हे तुला आत्ता कळलं?”

“हो.”

“आधी माहीत नव्हतं? खरं सांग.”

“नव्हतं, बाबा. मला जे हवं होतं तेवढंच मी बघितलं.”

आजोबा रडायला लागले. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. आत्या खाली बसली आणि त्यांचे पाय धरून माफी मागायला लागली. त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

“ती हिरवळ मी या हातांनी वल्ह्यावरून सोडवलीये. ती माझ्या जन्माआधीच गेली असं तू लिहून दिलंस, तेव्हा मला वाटलं, पोरीने बापासाठी खोटं लिहिलं. तळं माझ्या माथी होतंच गं. तुझं काम पण मीच नासवलं, हे काही मला सहन होईना.”

आजोबांनी सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले.

“आता परत सभा घेतील ना? मलाही घेऊन चल. आणि पुढे बसव. मागून मला हल्ली नीट ऐकू येत नाही.”