अण्णांचा उभ्यानं काढलेला फोटो

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — ते माझं मलाच नीट कळलेलं नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. कोपरगावात माझा छोटा फोटो स्टुडिओ होता. जुना कॅमेरा विकून मी नवा एसएलआर घेतला आणि आठ दिवस तो रिकामाच हाताळत बसलो. फोकस, लिव्हर, सगळं. विकणाऱ्यानं बजावलं होतं, रोल भरून लिव्हर ओढली की डावीकडची खुंटी फिरते का ते बघा. फिरली नाही, तर रोल पुढं सरकत नाही.

पहिलंच काम पुणतांब्याचं. सुनंदाचं लग्न. तिच्या वडिलांना, अण्णांना, घशाचा कॅन्सर होता. डॉक्टरांनी आशा सोडली होती. त्यांचा एकही फोटो घरात नव्हता, म्हणून सुनंदानं मला मुद्दाम बोलावलं होतं. मी घाईत रोल भरला. खुंटी पाहिली का? नाही. लोक नव्या कॅमेऱ्याकडं बघत होते — आणि मी लोकांकडं.

बुद्धवंदना झाली, हार झाले. अण्णा उशीला टेकून खुर्चीत बसले होते. मी कॅमेरा रोखला, तसे ते म्हणाले, "थांबा सायेब. पोरीसंगं बसून न्हाई काढायचा. उभा ऱ्हातो."

दोघांनी धरून उठवलं. मग त्यांनी दोघांचेही हात सोडायला लावले.

तेव्हाच माझी नजर कॅमेऱ्यावरच्या, किती फोटो झाले ते दाखवणाऱ्या आकड्यावर गेली. रोलचे छत्तीस कधीच उलटून गेले होते. रोल संपून लिव्हर अडकायला हवी होती, ती मात्र सहज फिरत होती. मी खुंटीकडं पाहिलं — ती जागची हलत नव्हती. सकाळपासून एकही फोटो निघाला नव्हता.

पिशवीत दुसरा रोल होता. दोन मिनिटांचं काम. "अण्णा, जरा बसा, चूक झाली," एवढंच म्हणायचं होतं. का नाही म्हणालो? सगळा मांडव बघत होता, म्हणून? एवढ्यासाठी?

अण्णांचे पाय थरथरत होते. मी बटण दाबलं. फ्लॅश उडाला.

"आला का?" त्यांनी विचारलं.

"आला. झकास आला."

ते हसले आणि खुर्चीत कोसळल्यासारखे बसले. मी पुढं तासभर फोटो काढत राहिलो. काढत कसला — नुसता फ्लॅश उडवत राहिलो.

लग्नानंतर बाराव्या दिवशी अण्णा गेले. सुनंदा सासरहून तशीच स्टुडिओत आली. मी सांगितलं, लॅबवाल्यानं रोल जाळला.

"एक बी न्हाई? धुरकट असला तरी चालंल."

मी नकारार्थी मान हलवली. ती काउंटर धरून उभी राहिली. मग मलाच म्हणाली, "जाऊ द्या भाऊ, तुमी तरी काय करनार?"

मी तिला पाणी दिलं. खरं तेव्हाही सांगता आलं असतं.

पुढं सुनंदा मुलीला घेऊन माझ्याकडंच यायची. दरवर्षी, वाढदिवसाला. एकदा मुलीनं विचारलं, आपल्या घरात आजोबांचा फोटो का नाही? सुनंदा तिची वेणी सारखी करत म्हणाली, "हुता गं. उभ्यानं काढल्याला. लई चांगला आल्ता म्हनं, भाऊंनी सोता काढला हुता. ल्याबवाल्यानं घालवला."

मी मुलीला मान जरा वर करायला सांगितली आणि बटण दाबलं.