रुख्माबाईचं रक्त

सौंदडच्या रुख्माबाईच्या तोंडी लागायची हिंमत गावच्या पाटलालाही नव्हती. तिला सून मिळाली तीही तोडीस तोड. वच्छला सासूला मामीजी म्हणे, पण जीभ काही आवरत नसे. दोघींचं भांडण सकाळी चुलीपाशी सुरू होई आणि रोवण्याच्या दिवसांत, भाताच्या बांधीतल्या चिखलात परे, म्हणजे रोपं, लावता लावता, रंगात येई.

मग वच्छलाला धाप लागू लागली. थोडे परे लावले की ती शेताच्या कडेला धुऱ्यावर बसे. भांडणातलं अर्धं वाक्य घशातच अडके. रुख्माबाईला जिंकूनही गोड लागेना. गोंदियाचे डॉक्टर म्हणाले, हृदयातली झडप चिकटली आहे. मुंबईत छाती उघडून ती बोटानं मोकळी करतात. मात्र रक्त घरच्यांनी द्यायचं.

रक्ताचं नाव निघताच घरचे पुरुष पांगले. दीर भोजराजला नेमकं तेव्हाच बैल बघायला जायचं आठवलं. नवरा खुशाल मुंबईपर्यंत छाती काढून गेला आणि सुई बघताच दवाखान्याच्या फरशीवर आडवा झाला. रुख्माबाईनं त्याला ओलांडून हात पुढे केला. "घ्या जी, माझ्या अंगात लय आहे."

रक्त तपासून मुंबईचे डॉक्टर म्हणाले, "बाई, हे सुनेला जुळत नाही. आम्ही ते दुसऱ्या रोग्याला देऊ. त्याच्या बदल्यात तिला जुळणारी बाटली मिळेल."

रुख्माबाई हिरमुसली. "द्या कोणालेही. पण तिले सांगू नका."

वच्छला वाचली. पुढच्या रोवण्यात तिनं असा आवाज लावला, की शेजारच्या बांधीतल्या बायका कंबर सरळ करून ऐकत उभ्या राहिल्या. "माझं रक्त बोलून राहिलं तिच्या तोंडातून!" रुख्माबाई दिमाखात सांगे. एरवी एक शब्द खाली पडू न देणारी वच्छला यावर मात्र गप्प बसे. सासूनं हा विजय गावभर मिरवला.

पुढे शेजारच्या भैयाजीच्या पोरीला, प्रेमिलाला, तेच दुखणं जडलं. भैयाजी तिला घेऊन रुख्माबाईच्या ओसरीवर आला आणि मान हलवत म्हणाला, "कायले जायचं मुंबईले? तुमचं रक्त जुळलं, तुमचं नशीब. माझं नाही जुळलं तर?"

वच्छला समोरच तांदूळ पाखडत होती. प्रेमिला दाराला टेकून धापा टाकत होती. ती धाप रुख्माबाईच्या ओळखीची होती. तिला ती ऐकवेना.

"माझंही नव्हतं जुळलं रे!" ती एकदम ओरडली. "बदलून देतात तिथं. हिच्या अंगात माझा एक थेंब नाही. उद्याच्या गाडीनं पोरीले घेऊन निघ!"

भैयाजी लगबगीनं तयारीला गेला. रुख्माबाई सुनेकडे बघेना. आता जन्मभर टोमणे ऐकावे लागणार होते.

"मले दवाखान्यातच कळलं होतं," वच्छला सूप खाली ठेवत म्हणाली.

"मंग काऊन नाही बोललीस?"

"तुमी एवढ्या खुशीत सांगून राहिल्या होत्या. अन् हात तर माझ्यासाठीच पुढे केला होता ना, मामीजी."

रुख्माबाईचे डोळे भरून आले. ते दिसू नयेत म्हणून तिनं खेकसायला तोंड उघडलं, पण वच्छलानं तिला बोलूच दिलं नाही.

"मले चिंता मुंबईच्या त्या माणसाची आहे, ज्याले तुमचं रक्त गेलं. चांगला गरीब स्वभावाचा असन बिचारा. आता सकाळपासून घरच्यांशी भांडून राहिला असन, अन् काऊन ते त्याले कळत नसन."