माझंच डिझाइन बनवायला परवानगी

मित्रांनो, आज बोईसरच्या एका प्रदर्शनात मी माझंच डिझाइन दुसऱ्याच्या नावाने मांडलेलं पाहिलं.

मी जवळच्याच मुरबे या मच्छीमार गावची. इंजिनीअरिंगला असताना एका कंपनीच्या स्पर्धेला मी बोंबील सुकवायच्या वलांडीसाठी, म्हणजे बांबूच्या मांडवासाठी, घडीचं छप्पर पाठवलं होतं. ढग आले की एक दोर ओढायचा, छप्पर पसरतं. अवकाळी पावसात आईची होणारी धावपळ बघून सुचलेलं. बक्षीस काही मिळालं नाही. आज तेच छप्पर त्यांच्या स्टॉलवर उभं होतं.

"हे डिझाइन माझं आहे," मी तिथल्या माणसाला म्हटलं.

तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, स्पर्धेत आलेल्या सगळ्या डिझाइनचे हक्क कंपनीकडे जातात. नियमातच होतं."

"मग मी आईसाठी एक बनवलं तर?"

"कंपनीची परवानगी घ्यावी लागेल."

लोक छपराचे फोटो काढत होते. मी बाजूला उभी राहिले. ओळखीचं कुणीच नव्हतं. कॉलेजातल्या मैत्रिणीला फोन केला. "सोड ना आता," एवढं बोलून ती मीटिंगला गेली.

घरी येऊन आईला सांगितलं.

"तूच केलंस ना ते? मंग बनव की. इचारायचं कोनाला?" म्हणत ती वलांडीवरचे बोंबील काढायला निघून गेली. तिला काय समजवायचं, मला कळेना.

तुमच्यापैकी कुणी स्पर्धांना डिझाइन पाठवलंय? असं झाल्यावर तुम्ही कुणाशी बोललात? नियम मला आता कळलाय. आज फक्त बोलायला कुणीतरी हवंय.