बेंदराचा मातकट रंग

नातवानं खेळण्यातल्या लढाऊ विमानाला हिरवा-मातकट रंग फासला आणि त्या तेलकट वासानं माझं डोकंच फिरलं. लढाईच्या दिवसांत आमचे मालक विमानं रंगवायच्या कामाला होते. वरून पाहणाऱ्याला विमान म्हणजे रानच वाटावं, असा तो रंग. पाटणजवळच्या आमच्या गावी बेंदराला ते रजेवर आले, ते त्या रंगाचा डबा घेऊनच. बैलांच्या शिंगांसाठी मी लालभडक हिंगूळ खलून ठेवला होता. गोठ्यात जाऊन बघते, तर दोन्ही बैलांची शिंगं शेणामातीच्या रंगाची. मिरवणुकीत सारा गाव फिदीफिदी हसला. घरी आल्यावर सासऱ्यांपुढंच मी मालकांवर तोंड सोडलं, "आवं, बेंदराला बैल मिरवायचा असतोय, दडवायचा न्हाई. येवढं बी कळंना व्हय?" शिंगांवरून हात फिरवत ते म्हणाले, "तिकडं जे उठून दिसलं, ते पयलं जळालं गं." रजा संपवून गेले ते परत आलेच नाहीत. त्यांच्या तळावर बॉम्ब पडले. विमानं म्हणे शाबूत राहिली. नातू विचारतो, "आजी, भारी दिसतंय ना?" त्या रंगाला माझ्या तोंडात अजून शिवीच येते.